संगणक बाद कोणी ठरवला?

घरातल्या कामाच्या टेबलावरचा संगणक २०१६चा. सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, मध्ये एकदा टाकलेली एसएसडी. रोज आठ तास अनुवाद, बिलं, ईमेल. तक्रार शून्य. दुकानदार मात्र ठाम : "आता भंगारात द्या, नवीन घ्या."

बिघडलं काय? काहीच नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे अपडेट बंद झाले. विंडोज ११ला टीपीएम २.० हवं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. घरगुती वापरासाठी मुदतवाढ मिळाली, तीही वर्षभराची. म्हणजे पंखा नीट, कीबोर्ड नीट, स्क्रीन नीट आणि यंत्र बाद! दहा वर्षं झाली म्हणून चालता मिक्सर कोणी टाकून द्यायला सांगितला, तर आपण ऐकू का?

मी विंडोजऐवजी चालणारं लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर घेतलं. संगणक सुरू होताना एफ१२ दाबलं, पेन ड्राइव्ह निवडला. हार्ड डिस्कला हातही न लावता समोर डेस्कटॉप. वायफाय लागलं, आवाज आला, इन्स्क्रिप्ट कीबोर्डने मराठी उमटलं. पटलं नसतं तर पेन ड्राइव्ह काढायचा, जुनं सगळं जागच्या जागी. नवा लॅपटॉप विकणारा कोण इतकी मोकळी पारख करू देतो?

'हे इंजिनिअर लोकांचं काम' म्हणणाऱ्यांनी केरळकडे बघावं. तिथल्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकताहेत. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच.

आणि लिनक्स फुकट आहे म्हणून घेऊ नका. फुकट तर विंडोजही मिळायचं; 'टाकून देतो' म्हणणारा गल्लोगल्ली होता. इथे चोरी करावी लागत नाही, एवढं पुरेसं नाही?

सगळ्यांनी उड्या माराव्यात असंही नाही. हिशेब टॅलीत असेल तर थांबा, ती विंडोजसाठीच बनते. डिजिटल सहीचं टोकन रोज लागत असेल, तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का ते आधी बघा. प्रिंटरचंही तेच. माझ्या जुन्या लेझर प्रिंटरने दोन रविवार खाल्ले.

पण खरी अडचण प्रिंटरची नव्हतीच.

२००४चा एक लेख उघडला. स्क्रीनवर रोमन अक्षरं, टक्क्याची चिन्हं, मध्येच डोक्यावर टिंबं असलेले स्वर. मराठी एक अक्षर नाही. लिनक्सला शिव्या घालणं सोपं होतं. पण तो जुना डीटीपी फॉन्ट नसता, तर विंडोजवरही हेच दिसलं असतं. फायलीत मराठी कधी नव्हतंच! परक्या अक्षरांवर देवनागरीचा अंगरखा होता. फॉन्ट गेला, अंगरखा उतरला.

किती जणांचं आयुष्यभराचं लिखाण असं अंगरख्यात अडकलंय? गावोगावच्या छापखान्यांतले दिवाळी अंक, स्मरणिका, संस्थांची इतिवृत्तं. फॉन्टची सीडी हरवली की तो मजकूरही गेला. आणि अजूनही 'छापायला बरं पडतं' म्हणून तेच फॉन्ट चालवणारे आहेत. नातवंडांनी ते वाचायचं कशात?

युनिकोडमध्ये लिहिलेलं कुठेही उघडतं. लिबरऑफिसमध्ये मी आता 'मुक्ता' फॉन्ट वापरतो. मुंबईच्या 'एक टाइप'ने तो घडवला आणि सर्वांसाठी खुला ठेवला. वेलांटी, रफार, जोडाक्षर, सगळं जिथल्या तिथे.

जुन्या फायली मात्र एकेक करून युनिकोडमध्ये आणाव्या लागतात. कन्व्हर्टर रफारात हमखास चुकतो : 'वर्ष'चं 'वषर्', 'अर्थ'चं 'अथर्'. मग शोधा, बदला, पुन्हा वाचा. रोज रात्री जेवणानंतर दोन फायली. २००४ काल संपलं. २००५च्या फोल्डरमध्ये एकसष्ट आहेत.