परतीच्या वाटेचे शिल्पकार

अँड्रॉइड २००८ साली बाजारात आलं तेव्हापासून त्यात मागे जायची सोय आहे. उघडलेले स्क्रीन एकावर एक रचले जातात. मागे गेलं की वरचा निघतो, खालचा दिसतो. इतकी सपक कल्पना! तिच्यात जान ओतल्याबद्दल आपल्या ॲपकारांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायला हवा.

आता मागे गेलं की ‘थांबा, तुमच्यासाठी खास सवलत’ येते. तरीही हट्ट धरला तर ‘बाहेर पडण्यासाठी पुन्हा दाबा’. उतावळ्या समाजाला फेरविचाराची ही संधी दुसरं कोण देतं?

पैसे भरण्याचा सोहळा तर डोळ्यांचं पारणं फेडणारा. तिकिटाचं ॲप आपल्याला यूपीआयच्या ॲपच्या हवाली करतं. पिन टाकायचा, हिरवी खूण बघायची, परतायचं. दरम्यान मेमरी कमी पडली म्हणून फोनने पहिलं ॲप मागच्या मागे बंद केलेलं असतं, आणि अर्धवट बुकिंग जपून ठेवणं कुणाला सुचलेलं नसतं. परतल्यावर पहिला स्क्रीन प्रसन्न मुद्रेने विचारतो, ‘आज कुठे जायचंय?’ सीट गेली, पैसे अडकले, प्रवासाचा मोह सुटला. इतक्या झटपट वैराग्य हिमालयातही मिळत नसे.

हीच पद्धत लिफ्टलाही लावावी. शेजाऱ्यांकडे साखर मागून परतलात की थेट तळमजला. घरी जायचं तर पुन्हा ओटीपी.

रात्री ‘सेल संपतोय’ अशी सूचना येते. तिला नुसतं बोट लावा. ॲप एका उडीत नेमक्या त्या चपलेपाशी. माप आठ, रंग तपकिरी, पत्ता भरलेला, खाली ‘पैसे भरा’.