भोंगा वाजणार, पण हळू

बंद गिरणीच्या जागेवर पर्यावरणपूरक घरं होणार, असं माहितीपत्रक आमच्याही दारात येऊन पडलंय. कुठली गिरणी ते विचारू नका. सोलापुरात दमून कुठल्याही जुन्या भिंतीला टेकलात तर ती गिरणीचीच निघते. वास्तू 'जपली' आहे म्हणे. म्हणजे चिमणी ठेवली, फाटक ठेवलं, भोंगा ठेवला. बाकीचं पाडलं.

भोंग्यासाठी अख्खं पान दिलंय. तो रोज सकाळी सहाला वाजेल, पण मंद. रहिवाशांच्या मनःशांतीला धक्का लागणार नाही इतका. भोंगा झाला की सगळ्यांनी गच्चीवर योगासनं करायची.

१८७७ साली जुनी मिल सुरू झाली, तिच्यामागोमाग बाकीच्या आल्या आणि या गावाला घड्याळाची गरज उरली नाही. भोंग्यावर चूल पेटायची, भोंग्यावर डबा भरायचा. पोचायला उशीर झाला की फाटक बंद आणि खाडा. बदली कामगार तर भोंग्याच्या आधीच फाटकाशी उभा. १९३० च्या मे महिन्यात हेच गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, तेव्हा सरकारला सोलापुरात मार्शल लॉ लावावा लागला. आता त्या भोंग्यावर शवासन!

आमची सूचना अशी, की भोंगा एवढा जपलाच आहे तर त्याला कामाला लावा. घराचा हप्ता थकला की वाजवा. लिफ्ट बंद पडली की वाजवा. आणि नळाला पाणी आलं की तर मोठ्यांदा वाजवा, मंद नको, अख्ख्या गावाला ऐकू जाऊ दे. उजनी काठोकाठ भरली तरी आमच्या नळाला रोज पाणी नाही. बायका कामं सोडून पाण्याचा वार धरून बसतात, आणि इथे गच्चीवर पोहण्याचा तलाव. तोही पर्यावरणपूरक.

पण खरं डोकं फिरतं ते पुढच्या पानावर. साचेखात्याचं ते करवतीच्या दातांचं छप्पर आठवतंय? त्याच्या काचा उत्तरेकडे असायच्या. आपल्याकडे सूर्य बहुतेक वर्ष दक्षिणेकडून फिरतो, म्हणून उजेड दिवसभर आत आणि ऊन बाहेर. खाली जाडजूड दगडी भिंती. ही मंडळी जे विकतायत ते शंभर वर्षांपूर्वीच बांधून तयार होतं! ते जेसीबी लावून पाडलं. त्याच्या जागी काय, तर जमिनीपासून छतापर्यंत काच. पश्चिमेला. सोलापुरात! मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो त्या गावात पश्चिमेला काच! मग ती खोली थंड करायला एसी, एसीच्या बिलासाठी गच्चीवर सोलर, आणि सोलर आहे म्हणून 'ग्रीन' प्रमाणपत्र. दगड गेला कुठे? थोडासा प्रवेशद्वाराशी लावलाय, फोटोसाठी.

आमच्या गल्लीतले एक जुने जॉबर परवा विक्री कार्यालयात जाऊन आले. गिरणी बंद पडली तेव्हापासून त्यांची ग्रॅच्युइटी कागदावरच आहे. माहितीपत्रकातलं भोंग्याचं पान काउंटरवर ठेवून त्यांनी विचारलं, ''ओ ताई, भोंगा वाजल्यावर आत सोडतेत का?''

''सोडतो की काका, पण आधी गेटवर पास काढावा लागेल.''