ताई, एकट्याच?

एकांतात ध्यान करायला मुळशीतलं चांदे निवडण्यात एक पुणेरी हिशेब असतो. नांदे-चांदे ही नावं इकडची माणसं एका दमात घेतात. हिंजवडी फार लांब नाही. म्हणजे झाडी हवी तेवढी, आणि मोक्षाच्या वाटेवर कंटाळा आलाच, तर ट्रॅफिकच्या कृपेने तासा-दीड तासात बाकरवडी.

इगतपुरीला धम्मगिरीवर १९७६पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं चालतात. तिथे आर्य मौन असतं, पण पहाटे चारची घंटाही असते. मला मौन तेच हवं होतं, घंटा जरा सोयीची. म्हणून ओळखीतून चांद्याच्या डोंगरउतारावरचं सागाच्या झाडीतलं एक लाकडी घर मिळवलं. बुकिंग नवऱ्याच्या फोनवरून झालं. ही बारीकशी गोष्ट पुढे महागात पडली.

जागा सांभाळणाऱ्या मामांनी बॅग उचलता उचलता माझ्या पाठीमागे पाहिलं. मग गाडीत डोकावले.

"ताई, एकट्याच?"

"हो."

"सायेब मागनं येत्यात?"

"नाही येत."

मामा यावर "बरं" म्हणाले. गावाकडच्या या 'बरं'मध्ये पूर्ण पंचनामा असतो. संध्याकाळी दूध घालणाऱ्या पोराने तेच विचारलं. शेळ्या घेऊन चाललेल्या आजींनी तर काही विचारलंच नाही. नुसत्या कडाकडा बोटं मोडून माझी दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारावर कागद चिकटवला : 'मौन आहे. कृपया हाक मारू नये.' चटईवर बसले, डोळे मिटले.

हाक कुणीच मारली नाही. मामांची बायको, म्हणजे मावशी, सरळ आतच आल्या. पितळीत पिठलं, तांदळाची भाकरी, कांदा. "बोलू नका," त्या म्हणाल्या, "बाईचं दुखणं बाईला कळतं." आणि समोर मांडी घालून त्यांनी सासू, दोन नणंदा, एक दीर आणि विहिरीवरची मोटर यांनी आपला कसा छळ केला ते सविस्तर सांगितलं. मी ओठ मिटून ऐकत होते. इतका उत्तम श्रोता मावशींना आयुष्यात भेटला नसावा, कारण दुपारी त्या जावेलाही घेऊन आल्या.

मी श्वासावर लक्ष आणायची. श्वासाला लसणीचा वास येई.

यात मावशींचा काय दोष? एकांताचा इतिहासच भाकरीवर चालतो. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर बसत, तेव्हा जिजाई भाकरी घेऊन चढत असे. तिच्या पायात काटा मोडल्याची आणि तो विठ्ठलाने काढल्याची कथा सगळ्यांना माहीत आहे. समर्थ शिवथरच्या घळीत गेले, तरी दासबोध लिहून घ्यायला कल्याणस्वामी होतेच. आणि अमेरिकेतला तो थोरो! ४ जुलै १८४५ला वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला. जागा मित्राची, एमर्सनची. झोपडीचा खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट, हा हिशेब त्याने स्वतःच छापला. दुर्गाबाई भागवतांनी त्याला मराठीत आणला, म्हणून आपल्याकडे अरण्यात जायचं म्हटलं की हटकून त्याचं नाव निघतं. पण कॉन्कॉर्ड गाव तिथून जेमतेम दीड मैलावर होतं. गडी तिथे येऊन-जाऊन असे आणि घरी जेवतही असे. झोपडीत खुर्च्या तीन. एकट्याला तीन खुर्च्या! त्याच्या आईचं आत्मचरित्र कुणी लिहून घेतलं असतं, तर वॉल्डनचा दुसरा भाग वाचायला मिळाला असता.

रात्री मावशींनी सोबतीला नात पाठवली. बिबट्या फिरतो, असं कारण दिलं. बिबट्याशी लढायला आठ वर्षांची मुलगी. ती झोपेत लाथा झाडत होती आणि जागेपणी 'तुमच्या मोबाइलमध्ये गेम हाय का' हे खुणेने विचारत होती, कारण मौन आपणही पाळायचं असतं असा तिचा समज. माझ्या ध्यानाचं चांद्यात झालेलं एवढं एकच अनुकरण. खाली कुठेतरी हळदीचा डीजे चालू होता.

पुढचं मला खिडकीतूनच दिसलं. ऊन उतरल्यावर आमची गाडी झाडीतून वर आली आणि नवरा उतरला. ऑफिसच्या कपड्यात, भेदरलेला. बुकिंगच्या नंबरावर मामांनी फोन केला होता : "सायेब, चुकलं-माकलं पोटात घाला. बाई बोलायची बंद झालीय." त्याला वाटलं, मला अर्धांगवायूचा झटका आला.

अंगणात मावशींनी त्याला पाणी दिलं आणि मग पदर खोचला. बाईमाणसाला जंगलात येऊन बसायची पाळी येते म्हणजे काय, दारू पितोस का, आई फार बोलते का तुझी, पगार कुणाच्या हातात देतोस? जाऊबाई मान डोलावत होत्या. मामा 'जाऊ द्या आता' म्हणत होते, पण सावकाश. वीस वर्षांत ज्याने चहाचा कप स्वतः विसळला नाही, तो माझा नवरा "हो मावशी, नाही मावशी, पुन्हा नाही होणार" म्हणत उभा होता.

त्याने एकदा खिडकीकडे केविलवाणं पाहिलं. एका वाक्यात मी सगळा उलगडा करू शकले असते. पण माझं मौन सूर्यास्तापर्यंत होतं, आणि सूर्य अजून चांगला वीतभर वर होता.