साहेबांच्या चहाचा अर्थ

राजीनामा देणे सोपे. चार ओळींची मेल. अवघड असतो तो नंतरचा अर्धा तास, जेव्हा साहेब स्वतः उठून केबिनचे दार लावतात आणि चहा मागवतात. तीन वर्षांत पाणी न विचारणाऱ्याने चहा मागवला की चौकशी बसली असे समजावे. 'कुठे चाललास?' याचे शास्त्रोक्त उत्तर : 'सर, जॉइन झालो की सांगतो.' पुढे जी शांतता पसरते ती भरून काढणे आपल्या कामात येत नाही. बिस्किट खावे. साहेबांचे आपल्याकडे देणे निघते ते फक्त शेवटच्या तारखेचे आणि हँडओव्हरचे. बाकी सगळी वरकड वसुली.

'किती देतायत?' हा प्रश्न तर निरुपयोगीच. सीटीसीच्या आकड्यात कंपनीचा 12 टक्के पीएफ असतो, पाच वर्षांनी मिळायची ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्क्यांनी आजच धरलेली असते, शिवाय देवाच्या भरवशावरचा व्हेरिएबल. म्हणजे खरा आकडाही थापच ठरतो. साहेबांना तो हवा असतो एकतर काउंटर ऑफरसाठी, नाहीतर 'पैशासाठी गेला' असे वर कळवायला. त्यात 'कोणामुळे गेला' हा रकाना आपोआप कोरा राहतो. काउंटर ऑफर आलीच, तर अप्रेझलला नसलेले बजेट आज कुठून उगवले, एवढे मनात विचारावे.

कोणी म्हणेल, एवढी लपवाछपवी कशाला, साहेबही माणूसच. आहेच. बिचाऱ्याला 90 दिवसांत बदली माणूस शोधायचाय, वर शिव्याही त्यालाच. म्हणून हँडओव्हर चोख द्यावा, नव्या पोराला पासवर्डपासून क्लायंटच्या लहरींपर्यंत सगळे सांगावे. पण रिलिव्हिंग लेटर ज्याच्या सहीवर अडते, त्याच्यापाशी मन मोकळे करणे घाईचे होते. न सांगणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. 'गावाकडे शेती बघणार' असली थाप मात्र मारू नये. लिंक्डइनवर शेती दिसत नाही. 'कॉम्पिटिटरकडे गेलास तर बघ' असा दम मिळाला, तर 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 27 आठवावे : नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम न करण्याची अट त्यापुढे सहसा टिकत नाही. कंपनीची गुपिते उचलून न्यायची मुभा त्यात नाही, आणि कलम मोठ्याने तर म्हणूच नये.

मेल आधी पाठवावी, मग केबिनमध्ये जावे. नोटीस पिरियड मेलच्या तारखेपासून मोजतात, चहाच्या नाही.