परसातील एक चितकबरे प्रकरण

न्यू जर्सी

तीर्थस्वरूप दादांस कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपली हयात मामलेदार कचेरीत गेली, म्हणून आमच्या परसातील एक प्रकरण आपल्याकडे रुजू करीत आहे. कुंपणालगत रानव्हायोलेटचा जो हिरवा ताटवा आहे, त्यात एक रोप असे निघाले आहे, की त्याच्या हृदयाकृती पानांवर चुन्याची कुंचली झटकून कोणी रंगारी पसार झाला असावा. येथील शेजारीपाजारी रानव्हायोलेटला तण मानतात व हिरवळीत त्याचा मागमूस लागताच विषारी फवारा घेऊन धावतात. आणि याच फुलाला येथल्या विधिमंडळाने १९७१ साली कायदा करून राज्यपुष्प ठरविले आहे! दरबारी मान आणि खाजगीत विषप्रयोग, हा शिरस्ता आपल्याला अपरिचित नसावा.

ओळख पटविण्याचे काम मी यथाविधी चालविले. प्रथम संशय आला तो ‘व्हायोला हिर्सुटुला’चा, कारण तिच्या पानांवर शिरांच्या मधोमध उपजतच रुपेरी झाक असते, परंतु तिच्या पानाची पाठ बहुधा जांभळी, आणि आमच्या इसमाची पाठ उलटून पाहता साफ हिरवी निघाली. शिवाय जातिवंत नक्षी पानोपानी सारखी उमटते. येथे एक पान निम्मे पांढरे, दुसऱ्याला नुसती किनार, तिसरे निष्कलंक हिरवे. विषाणूची बाधा म्हणावी, तर एकही पान आकसलेले नाही. सबब हा सामान्य ‘व्हायोला सोरोरिया’च असून त्याच्या वाढत्या अग्रातील काही पेशींनी हरितद्रव्य निर्माण करण्यास नकार दिला आहे, असे माझे मत झाले.

वारसाचा प्रश्न मात्र बिकट आहे. हे झाड वसंतातल्या देखण्या फुलांवर वंशाची भिस्त ठेवीत नाही. उन्हाळ्यात मातीलगत कधीही न उमलणाऱ्या कळ्या धरून आतल्या आतच स्वपरागण उरकते, मग बोंडे तडकून बी दूर उडते, आणि बियांवरच्या स्निग्ध खाऊच्या लोभाने मुंग्या ते वाहून नेतात. या वारसांत चितकबरेपणा बहुधा उतरत नाही, आणि अगदी पांढरे रोप निपजले तर अन्नावाचून दगावते. तेव्हा शरदात गड्ड्याची खातेफोड करावी, एवढीच तजवीज उरते.

सौ.चा या प्रकरणातील रस निराळा आहे. ही पाने खाद्य असल्याचे तिने वाचले, तेव्हापासून ताटव्याची भजी होऊ लागली आहेत. चितकबऱ्यास हात लावू नये, अशी मी सक्त ताकीद दिली, त्यावर ती म्हणाली, “पिठात बुडवल्यावर रंग कुणाला दिसतोय?”

निवाडा उलटटपाली कळवावा. तोवर मुद्देमाल विटांच्या वेढ्यात जप्त करून ठेवला आहे.

ती. वहिनींस सा. नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
बंडू