सत्याची टक्केवारी

इंडिकेटरवर 'कसारा फास्ट' लागली, तरी आंबिवलीकर त्या शब्दावर पूर्ण विश्वास टाकत नाही. ही गाडी सीएसएमटीपासून कल्याणपर्यंत स्टेशनं गाळत ऐटीत येते आणि पुढे शहाड, आंबिवली, टिटवाळा अशी प्रत्येक फलाटाला रामराम करत जाते. त्यात कल्याणपुढे जायला एक मार्ग आणि यायला एक. मागून मेल आली की फास्ट उभी. तिसऱ्या मार्गाचं काम अर्थातच प्रगतिपथावर आहे.

अशा अर्ध्यामुर्ध्या सत्याचं गणित लुत्फी झादे यांनी १९६५ सालीच मांडलं. बाकूत जन्मलेल्या आणि बर्कलेत शिकवणाऱ्या या प्राध्यापकांच्या 'फझी' संचात कुणी पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर असण्याची सक्ती नाही. ०.७ इतकं आत असलं तरी चालतं. जपान्यांनी हे मनावर घेतलं. १९८७ मध्ये सेंदाईची मेट्रो याच तर्कावर धावू लागली, तीही थांबताना उभ्या प्रवाशाला हिसका बसू नये इतक्या बेतानं. मग वॉशिंग मशीन आली आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या जाहिरातींतही 'फझी लॉजिक' झळकलं. घरोघरी समज झाला, की मशीनला मळ कळतो.

झादेंना महाराष्ट्र शासनाची माहिती असती तर त्यांनी २७ गावांचं उदाहरण नक्की दिलं असतं. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ मध्ये झाली तेव्हा ही गावं आत होती. २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. २०२० मध्ये त्यांतली १८ बाहेर काढण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयानं तो रद्द केला. एवढ्या येरझाऱ्यांत ग्रामस्थाला एकच गोष्ट शंभर टक्के खरी वाटली असेल: घरपट्टीचं बिल.

आंबिवलीशेजारी मोहोन्याला एनआरसी कंपनी रेयॉन, म्हणजे नकली रेशीम, बनवायची. २००९ मध्ये तिला टाळं लागलं. पण ती टाळेबंदी म्हणायची की कंपनी कायमची बंद झाली म्हणायची? आणि कामगारांची देणी? ती 'विचाराधीन' राहिली. वर्षं उलटली, कामगार म्हातारे झाले, विचार मात्र तरुणच होता.

इथे झादेंची बदनामी होता कामा नये. त्यांचा धूसरपणा काटेकोर होता; प्रत्येक 'थोडंसं'पुढे त्यांना शून्य ते एकमधला आकडा हवा असे. आपल्या 'यथावकाश', 'नियमानुसार', 'योग्य ती कार्यवाही' यांपुढे असा आकडा लिहायचा म्हटलं, तर कारकुनाला रजा काढावी लागेल. महापालिकेत टक्केवारी नाही असं नाही. पण ती कागदावर लिहायची पद्धत नाही.