अपडाऊनचा योग

गडचिरोलीला बदली झाली की साहेबांच्या घरी सांत्वनाचे फोन सुरू होतात. “कुणाशी वाकडं झालं होतं का?” हा पहिला प्रश्न आणि “परत कधी आणणार म्हणाले?” हा दुसरा. हुद्दा तोच, पगार तर थोडा वाढलेलाच. तरी घरात सुतक. शासनालाही या दुःखाची जाण आहे. म्हणून ६ ऑगस्ट २००२ च्या निर्णयाने आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या कर्मचाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी मिळाली. वर मूळ पगाराच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता. मात्र महिन्याला १५०० रुपयांच्या पुढे नाही. मनाची पोकळी त्याहून मोठी असेल तर ती स्वखर्चाने भरावी.

नोकरी आणि घर यांचा तोल कसा साधावा, यावर मुंबई-पुण्यात म्हणे भरमसाठ फी घेऊन शिबिरं भरतात. आमच्याकडे त्याला अपडाऊन म्हणतात आणि ते एसटीच्या तिकिटात भागतं. बायको-मुलं नागपुरात, कारण शाळा, क्लास, डॉक्टर तिथे. साहेब गडचिरोलीत, कारण ऑर्डर. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आला आणि या योगाला राजाश्रयच मिळाला. शुक्रवारी दुपारी ऑफिसात जा. पंखा फिरतोय, टेबलावर उघडी फाईल, फाईलवर चष्मा. साहेब कुठे? “मीटिंगला.” ती मीटिंग एव्हाना ब्रह्मपुरी सोडून नागभीडकडे लागलेली असते, मांडीवरच्या बॅगेत आठवड्याचे मळके कपडे आणि रिकामा डबा. सोमवारी तीच बॅग इस्त्रीचे कपडे आणि जवसाची चटणी घेऊन परतते. फाईलवरचा तो चष्मा साहेबांचा जुना, जवळच्या नंबरचा असतो, हे अख्ख्या ऑफिसला ठाऊक आहे.

गावोगावच्या गुरुजींची साधना आणखी वरची. मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव असेल तरच घरभाडे भत्ता, असा नियम निघाला. ठराव झाले. एकाच वेळी दोन ठिकाणी असण्याची सिद्धी पूर्वी योग्यांना होती. आता ती सरपंचांच्या सहीने मिळते.

अपडाऊनला न जुमानणारे काही लोकही या मुलखात निघाले. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे, दोघेही डॉक्टर, १९७३ च्या डिसेंबरात भामरागडजवळ हेमलकसाला गेले ते तिथलेच झाले. वीज नाही, रस्ता नाही, पावसाळ्यात नद्या चढल्या की जगाशी संबंध तुटलेला. अंगात बनियन, खाली अर्धी चड्डी, घरात अनाथ बिबटे आणि अस्वलं. २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा कुठे आम्हाला खात्री पटली की ही बदली शिक्षेची नव्हती. अभय आणि राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून १९८६ मध्ये गडचिरोलीत आले. “इतकं शिकून तिथे?” असं त्यांना कुणी विचारलं नसेल यावर माझा विश्वास नाही. नवजात बाळांना गावातल्या बाईच्याच हातून, घरच्या घरी वाचवता येतं, हे त्यांनी दाखवलं. ‘लॅन्सेट’ने १९९९ मध्ये ते छापलं. आयुष्याचा अर्थ वगैरे जे काही असतं ते एवढं हाती आलेल्या डॉ. बंगांना चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. त्यावर त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ लिहिलं. तेव्हा जंगलात गेलं की आपोआप सगळं ठीक होतं, असं सांगणाऱ्यांना हे पुस्तक भेट द्यावं. अर्थ सापडला तरी झोप, व्यायाम आणि शांतपणा वेगळे सांभाळावे लागतात; त्यांचा भत्ता कुणी देत नाही.

पण शहरातल्या पाहुण्यांना हे कोण सांगणार? ते ताडोब्याला ‘स्वतःला शोधायला’ येतात. गेटवर मोबाईल जमा करावा लागतो, तेव्हा शोधणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. त्यातून मंगळवारी आला तर गाभा क्षेत्र बंद! वाघाला साप्ताहिक सुटी आहे. मग संध्याकाळी रिसॉर्टच्या हिरवळीवर कुणीतरी स्लाईड दाखवत सांगतं, निसर्गाकडून समतोल शिका.

शिकवायला खरं तर बाजूच्या गावातली बाई बोलवावी. पहाटे अंधारात टोपली घेऊन ती मोहाखाली जाते. वाकून वेचणारा माणूस वाघाला चार पायांचं जनावर वाटतो, असं वनखातं बजावतं; मोह उभ्याने कसा वेचायचा ते सांगत नाही. टोपलीसह घरी परत आली की त्या दिवसापुरता तिचा काम आणि आयुष्याचा समतोल साधला.

एका पाहुण्याला ही कल्पना फार आवडली. तासाभराचं सत्र, मानधन वगैरे. निरोप गेला, उत्तरही आलं: एप्रिलपर्यंत जमणार नाही, मोह पडतो. मे महिन्यात तेंदू; ७० पानांचा एकेक पुडा बांधायचा असतो. मग पेरणी. रोवणी आटोपली की बघू म्हणते, आणि तेव्हा पार्कच बंद असतो.